पार्बताबाईंची सवत

पार्बताबाईंच्या घरात उशी नव्हती.

हे मला कळलं ते भिलाईतल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात. लग्न होऊन मी नागपूरहून आले होते. आमचे हे कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात होते, आणि कारखाना म्हणजे तेव्हा नुसते पाये, लोखंडी खांब, क्रेन आणि धूळ. क्वार्टर नवं कोरं होतं, भिंतींना ओल्या चुन्याचा वास येत होता, आणि आमचं निम्मं सामान अजून रेल्वेनं यायचं होतं. अशात मला ताप भरला. डोक्याखाली घ्यायला काही नव्हतं म्हणून मी मधल्या कुंपणापाशी जाऊन शेजारी हाक मारली, "पार्बताबाई, एखादी उशी आहे का जास्तीची?"

पार्बताबाई भांडी घासत होत्या. उंच, हाडापेरानं मोठ्या, कपाळावर हिरवं गोंदण. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे असं काही पाहिलं, की ताप असूनही मला घाम फुटला. त्या आत गेल्या आणि एक गोधडी घट्ट गुंडाळून, तिला सुतळी बांधून घेऊन आल्या.

"हे घे डोक्याखाली," त्या म्हणाल्या. "पन त्या बयेचं नाव माह्या दारात काढू नोको."

"कोणाचं नाव?"

"घेतलं ना आत्ता तूनं."

मग त्यांनी माझं कपाळ चेपलं, काढा पाजला, संध्याकाळी आमच्या ह्यांना भाकरी वाढली. बया कोण, हे मला बरं वाटल्यावरच समजलं.

त्यांचे यजमान सुदामभाऊ उंचावर लोखंड चढवणाऱ्या टोळीत होते. दोर, कप्प्या, साखळ्या यांच्यावर मोठमोठे सांगाडे वर न्यायचे आणि जागेवर बसवायचे, हे त्यांचं काम. कारखान्यात अशा माणसांना खलाशी म्हणतात. बाकीचे नावाचे खलाशी, सुदामभाऊ मात्र खरोखरच समुद्रावरून आले होते. कामठीकडचे. आईबाप लहानपणीच गेलेले. कोण्या नातलगाच्या मागे मुंबईच्या गोदीत गेले, दोर बांधायला शिकले आणि एका मालजहाजावर चढले. महायुद्ध संपल्यावर ते जहाज जपानच्याही पलीकडे, र्युक्यू नावाच्या बेटांवर लोखंडाचं भंगार आणायला गेलं. तिथं मोठी लढाई झालेली. फुटलेल्या तोफा, बुडालेल्या नावा, बॉम्बच्या कपच्या, सगळा किनारा लोखंडानं भरलेला. भंगार भरता भरता जहाजाचंच इंजिन मोडलं, आणि त्याचा भाग विलायतेहून येईपर्यंत ते तिथल्या खाडीत पडून राहिलं. खाडीवर एक टेकडी होती, आणि टेकडीवर पडका किल्ला. त्याचं नाव कात्सुरेन.

टेकडीच्या पायथ्याशी अमेरिकन फौजेची छावणी होती. छावणीचे कपडे धुणारी एक बाई सुदामभाऊंना उकडलेली रताळी आणून द्यायची आणि छावणीत शिकलेल्या मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून, चिखलात काडीनं रेघा ओढून त्या किल्ल्याचा इतिहास सांगायची. त्या बाईचं नाव होतं उशी.

लग्नानंतर पहिल्यांदा अंथरूण घालताना सुदामभाऊंना उशी पाहून हसू आलं. नव्या नवरीनं विचारलं, कावून हसता? त्या भोळ्या माणसानं सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी माहेरून आलेल्या दोन्ही उश्या पार्बताबाईंनी दारावर आलेल्या भिकाऱ्याला देऊन टाकल्या.

मी शेजारी राहायला आले तोवर या गोष्टीला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरात दोघंच, आणि तिसरा तो किल्ला.

पार्बताबाईंची नजर सारखी नवऱ्याच्या नजरेवर असायची. जेवताना ते भिंतीकडे पाहत राहिले, की त्या ताटात भाकरी आपटायच्या. झोतभट्टी उभी राहत होती तेव्हा सुदामभाऊ दिवसभर तिच्या शेंड्यावर असायचे. संध्याकाळी घरी आले की पाण्याचा तांब्या देतानाच चौकशी सुरू व्हायची.

"वरून काय दिसते?"

"दुर्गचं स्टेशन दिसते. शिवनाथ नदी दिसते."

"आन?"

"आन काय? धान दिसते लोकायच्या शेतात."

"समुद्र?"

"इथं कुठचा समुद्र, पार्बता?"

"तं मंग भोंगा झाल्यावर उतराले एवढा वेळ कावून लागते?"

सुदामभाऊ हसायचे आणि पाणी प्यायचे. बुटका, रुंद खांद्यांचा, फार कमी बोलणारा माणूस. पण कोणी किल्ल्याचा विषय काढला की त्यांच्या अंगात कोणी दुसराच यायचा. सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या अंगणात चारदोन शेजारी जमायचे. आमचे हेही जाऊन बसायचे आणि मी पार्बताबाईंबरोबर शिगडीपाशी. सुदामभाऊ सांगायचे आणि पार्बताबाई पाठ करून बसायच्या. पण कान तिकडेच.

"टेकडी लय उंच नाही," ते सुरुवात करायचे. "पन दोन्हीकडं समुद्र. भिंत सरळ नाही जात, वळत वळत वर चढते. चुना नाही, माती नाही. दगडाले दगड घासून बसवला. आता अर्धे दगड लोकायनं धक्का बांधाले नेले, तरी राहिलेली भिंत पायली का वाटते, हे हातानं केलं का मेनाचं ओतलं?"

त्या किल्ल्याचा शेवटचा धनी गरीब कुणब्याच्या पोटी जन्मलेला. लहानपणी इतका रोगट, की घरच्यांनी तो जगेल ही आशा सोडली होती. पण जगला, मोठा झाला, किल्ल्यावर चाकरीला लागला. तेव्हाचा किल्लेदार दारूत बुडालेला आणि लोक त्याला विटलेले. त्यांनी या पोराला उचलून धरलं आणि किल्ला त्याच्या हाती आला. मग त्यानं चीन, कोरियापर्यंत जहाजं धाडली. निळ्या फुलांची चिनी भांडी किल्ल्यावर उतरली. सुदामभाऊ म्हणायचे, पाऊस पडून गेला की अजूनही त्या भांड्यांच्या खापऱ्या पायाखाली चमकतात. बेटाच्या राजाला या माणसाची भीती वाटायला लागली. त्यानं आपली मुलगी देऊन त्याला जावई करून घेतलं.

"आन खाडीच्या पलीकडं दुसरा किल्ला," सुदामभाऊ हात लांब करायचे. "नाकागुसुकु. तिथं एक म्हातारा सरदार, राजाचा सासरा. म्हनजे या नवरीचा सख्खा आजा. त्याच्या किल्ल्याची भिंत याच्याहून चांगली. सकाळी उठलं का पहिलं ऊन त्या भिंतीवर पडे, आन हे याले इथून रोज दिसे."

"मंग?" कोणीतरी विचारायचं.

"मंग काय, जळला."

"जळनारच," शिगडीपाशून पार्बताबाई म्हणायच्या. "रोज डोळ्यापुढं असलं का मानूस जळते."

जळलेल्या जावयानं राजाला जाऊन सांगितलं, तुमचा सासरा बंडाची तयारी करतो आहे. म्हातारा शस्त्रं घासत होता हे खरं, पण ती या शेजाऱ्यापासून वाचायला. राजानं कान भरू दिले आणि जावयालाच फौज आणि स्वतःचं निशाण देऊन धाडलं. त्या वेळी म्हाताऱ्याच्या किल्ल्यावर पुनवेचा चंद्र पाहायचा सण चालला होता. त्यानं तटावरून वाकून पाहिलं तर खाली आपल्याच राजाचं निशाण. शिपाई म्हणाले, लढू. म्हातारा म्हणाला, या निशाणावर माझा हात उठणार नाही. आणि त्यानं बायकामुलांसकट स्वतःला संपवलं.

इथं सुदामभाऊ विडी पेटवायचे. मग शेवट. आता राजाचीच गादी घ्यायची, असा बेत कात्सुरेनच्या धन्याच्या मनात आला. त्याच्या बायकोला ते कळलं. माहेरून तिच्या सोबतीला आलेला एक इमानी सरदार होता. त्याला घेऊन ती किल्ल्यावरून पळाली आणि बापाला सगळं सांगितलं. राजाची फौज आली. तोच सरदार बाईचा वेश घेऊन किल्ल्यात शिरला, आणि कात्सुरेन पडला तो पुन्हा उठला नाही.

एकदा शेवट झाल्यावर पार्बताबाई शिगडीपाशून उठून मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"ते राजाची पोरगी नवऱ्याले सोडून गेली ते गेली, वरून जाऊन चुगली केली!"

"तिच्या आजाले मारलं होतं त्यानं, पार्बता."

"ते मले समजते. मी असती तं मीबी नसती राहिली. पन त्याच्या आंधी हे कुठं होती? नवरा रोज सकाळी उठून समोरच्या भिंतीकडं पाहून राहिला, हे तिले दिसलं नाही? बायकोले समजत नाही का, नवरा कुठं पाहून राहिला ते?"

सुदामभाऊ विडी शोधायला लागले.

त्यांनी मग हळूच सांगितलं, की हा सगळा इतिहास राजाच्या लोकांनी लिहिलेला आहे. किल्ल्याखालच्या गावात तो धनी अजून चांगलाच म्हणतात, त्याच्या नावाची गाणी आहेत. "उशी तं म्हने का..."

पार्बताबाई तडक आत गेल्या आणि भांडं आपटल्याचा आवाज झाला. त्या दिवशी अंगण लवकर रिकामं झालं.

पुढे सुदामभाऊंनी मागच्या परसात, गल्लीतल्या लोकांना दाखवायला म्हणून, तो किल्ला बांधायला घेतला. कारखान्याच्या खोदकामातले दगड आणून, चुन्याशिवाय, एकमेकांना घासून त्यांनी गुडघाभर उंचीची वळणावळणाची भिंत उभी केली. फार सुरेख झाली होती. पाऊस लागल्यावर पार्बताबाईंनी भिंतीच्या बुडाशी भोपळ्याच्या बिया टोचल्या. बघता बघता वेल किल्ल्यावर चढला, आणि श्रावणात तर तिथं किल्ला होता हे सांगूनही पटलं नसतं. भोपळे मात्र अमाप लागले. गल्लीभर वाटताना बाई खुशीत होत्या. "घे, किल्ल्याचा भोपळा."

एका संध्याकाळी सुदामभाऊ त्या वेलासमोर उभे राहिले. मी कुंपणाच्या अलीकडे कपडे काढत होते.

"अस्सल झाला आता," ते म्हणाले. "तिथंबी असाच वेल आहे भिंतीवर. पानंबी एवढाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्बताबाईंनी तो फुलाफळांचा वेल मुळासकट उपटून टाकला. हात खाजेनं लाल झाले होते. मला पाहून त्याच म्हणाल्या, "मी लावलं ते बी त्या किल्ल्याचंच निघालं, सुमन."

हा सगळा मत्सर पाहून मला वाटायचं, बाई संशयी स्वभावाच्या असतील, कोणाही बाईवर अशाच जळत असतील. तसं मुळीच नव्हतं. कारखान्यात तेव्हा रशियन लोक होते आणि त्यांच्यात एक इंजिनीअर बाई होती. सोनेरी केसांची, मोठ्यानं हसणारी. सुदामभाऊंनी मारलेल्या दोराच्या गाठी तिला फार आवडायच्या. एकदा ती थेट त्यांच्या क्वार्टरवर आली, बाजेवर त्यांच्या शेजारी बसली, त्यांच्या खांद्यावर थाप मारून दुभाष्याला काहीबाही सांगायला लागली. मी इकडून जीव मुठीत धरून पाहत होते. पार्बताबाईंनी तिला झुणका-भाकर वाढली, ठेचा खाऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा पदरानं पुसलं, आणि जाताना लोणचं बांधून दिलं.

नंतर मी विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"कावून येईन? हे तं आहे समोर. आली, जेवली, गेली. समोर आहे तिले मी पाहू शकते, जेवू घालू शकते, दोन शिव्या देऊ शकते. जे नाही तिचं मी काय करू, सांग?"



आता मुख्य गोष्ट. सुदामभाऊंना टोळीचा मुकादम करावं अशी टोळीतल्या सगळ्यांची इच्छा होती. हात त्यांच्याइतका कोणाचा चालत नव्हता. पण त्यांचा फोरमन आडवा आला. त्याला किल्ल्याची गोष्ट म्हणजे शुद्ध थाप वाटायची. तो त्यांना राजासाहब म्हणायचा, आणि हळूहळू कारखानाभर तेच नाव झालं. चेष्टा होती तोवर ठीक होतं. पण मुकादमीचा विषय निघाला तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "जो आदमी बैठे-बैठे किले बनाता है, उसके इशारे पर मैं ऊपर आदमी चढ़ाऊँ? झूठे के हाथ में किसी की जान नहीं दूँगा."

सुदामभाऊ घरी येऊन न जेवताच झोपले. दुसऱ्या दिवशी नळावर पार्बताबाईंना दुसऱ्या कोणाकडून कळलं. त्यांनी भरलेली घागर तशीच ओतून दिली आणि रिकामी घेऊन घरी गेल्या. त्यानंतर अंगणातली बैठक बंद झाली. कोणी आग्रह केला तर सुदामभाऊ म्हणायचे, "विसरलो आता."

किल्ल्याचं नाव घरातून गेलं. पार्बताबाईंना आनंद व्हायला हवा होता. पण त्या सुकत चालल्या. एकदा मला म्हणाल्या, "आता हे कुठंच पाहत नाही. भिंतीकडंबी नाही."

मग जपानी पाहुणे आले. आसपासच्या लोखंडाच्या खाणी पाहायला चारपाच जणांची मंडळी आली होती. एका दुपारी त्यांना कारखाना दाखवला आणि भट्टीच्या पलीकडे मोकळ्या जागेत मांडव घालून चहा ठेवला. रविवार होता. क्वार्टरमधली माणसं, बायका, सगळी पाहायला लोटली. आम्ही दोघीही एका बाजूला उभ्या होतो. फोरमनला लहर आली. त्यानं टोळीत उभ्या असलेल्या सुदामभाऊंना हाताला धरून पाहुण्यांसमोर आणलं. पाहुण्यांचा दुभाष्या एक बंगाली गृहस्थ होता. फोरमन त्याला म्हणाला, "पूछिए साहब से. हमारा यह राजा कहता है, जापान के आगे किसी टापू पर इसका किला है. कात्सुरेन. है क्या?"

दुभाष्यानं विचारलं. एका तरुण इंजिनीअरनं मान हलवली. त्यानं हे नाव कधी ऐकलं नव्हतं. ती बेटं लांब आहेत, आता अमेरिकेच्या ताब्यात आहेत, तिथं झोपड्यांशिवाय काही असेल असं वाटत नाही, असं तो फार अदबीनं बोलला. दुभाष्यानं ते हिंदीत सांगितलं आणि मांडवात हशा उसळला. टोळीतली माणसंसुद्धा हसली. सुदामभाऊ आपल्या पायांकडे पाहत उभे होते.

माझ्या शेजारून पार्बताबाई कधी निघाल्या ते मला कळलंच नाही. पाहिलं तर त्या मांडवाच्या मधोमध, पदर खोचून.

"किल्ला आहे," त्या म्हणाल्या. हिंदी आणि मराठी एक करून, पण खणखणीत. "झुठ नही बोलता मेरा आदमी. टेकडी आहे, दोन्ही अंगानं समुद्र आहे. भिंत वळत वळत जाते. पाऊस झाला का निळ्या फुलायच्या खापऱ्या निघते मातीतून. खाडीच्या पल्याड दुसरा किल्ला आहे, त्याच्यावर सकाळचं ऊन पहिले पडते. त्याच्याच पायी सगळा नास झाला."

फोरमन हसत म्हणाला, "तूने देखा है क्या, बाई?"

"पायला असता तं एवढी जळली असती का मी?" पार्बताबाई त्याच्यावर उलटल्या. "लगन झाल्यापासून त्या किल्ल्याशी भांडून राहिली मी. माह्या घरी येऊन विचारा कोनालेबी. नसलेल्या किल्ल्याशी कोन बाई भांडते? तुमची बायको भांडते का? यायनं भाकरी खाता खाता हात थांबवला का मले समजते, आता हे टेकडी चढून राहिले. मानूस खोटी गोष्ट सांगते, पन खोट्या गोष्टीकडं असा पाहत नाही. आन ते बाई होती ना तिथं, रताळी देनारी, ते उशी..."

नाव त्यांच्या स्वतःच्या तोंडून निघालं होतं. त्या थांबल्या.

पाहुण्यांमध्ये एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ इतका वेळ चहा पीत गप्प बसले होते. त्यांनी कप खाली ठेवला. "उशी?" ते म्हणाले. मग दुभाष्याशी बराच वेळ बोलले, आणि दुभाष्याचं तोंड हळूहळू हसरं झालं.

"ये साहब कहते हैं," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला, "उशी माने गाय-बैल. उन टापुओं में गाँव की बूढ़ी औरतों के ऐसे नाम होते हैं. अब कोई अपनी लड़की का नहीं रखता. बाहर का आदमी यह नाम जानता ही नहीं. किला इन्होंने भी नहीं देखा, मगर यह आदमी वहाँ रहा है. जरूर रहा है."

ते म्हातारे गृहस्थ उठून सुदामभाऊंसमोर आले आणि कमरेत वाकले. सुदामभाऊंना काय करावं कळेना. त्यांनी हात जोडले, आणि तसेच धरून ठेवले. फोरमननं टोपी काढून उगाच झटकली. या वेळी मात्र कोणी हसलं नाही.

परत येताना मी त्या दोघांच्या चार पावलं मागे होते. पार्बताबाई पुढे बघत तरातरा चालत होत्या.

"म्हातारी होती?"

"सत्तरीच्या वर असंन," सुदामभाऊ म्हणाले. "तोंडात दात नव्हते."

"मंग एवढे वर्ष सांगतलं कावून नाही मले?"

सुदामभाऊंनी ढांगा टाकून त्यांना गाठलं. मग म्हणाले, "तुले राग येत होता, पार्बता. माह्यासाठी कोनाले राग आला, असं आंधी कधी झालंच नव्हतं."

मला वाटलं, सुटल्या बाई. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं. पण दुसऱ्या दिवशी नळावर त्यांचे डोळे सुजलेले होते.

"जवान असती तं बरं झालं असतं, सुमन," त्या म्हणाल्या. "जवान बाईले मानूस विसरते. हे तं माय निघाली. यायले ना माय, ना बाप. त्या परक्या मुलखात एका म्हातारीनं बसवून जेवू घातलं, पोटाशी घेऊन गोष्ट सांगतली. आता तिच्याशी मी कोन्या तोंडानं भांडू? आन भांडू नाही तं काय करू?" असं म्हणून त्यांनी घागर उचलली. मत्सर काही गेला नव्हता. त्याला फक्त बसायला जागा राहिली नव्हती.

मुकादमी मिळाली. फोरमननंच नाव पुढे केलं, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. पण जागा निघाली ती राजहऱ्याला, जिथून आमच्या कारखान्याला लोखंडाचा दगड यायचा. तिथं नवी यंत्रं चढवायची होती. एका सकाळी ट्रकमध्ये बाज, पत्र्याच्या पेट्या आणि शिगडी घालून दोघं निघून गेली. शेजारच्या क्वार्टरमध्ये दुसरं बिऱ्हाड आलं. सज्जन माणसं होती, पण त्यांच्या भांडणांत काही दम नव्हता.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. आमच्या ह्यांना कामासाठी राजहऱ्याला जायचं होतं, म्हणून मीही गेले. साऱ्या गावावर तांबडी धूळ, झाडांची पानंसुद्धा तांबडी. त्यांचं क्वार्टर डोंगराच्या उतारावर होतं. खाली दूरवर सालाचं जंगल पसरलेलं. अंगणात पाचसहा माणसं बसली होती, नव्या टोळीची असावीत, आणि त्यांच्या बायका. सुदामभाऊ बाजेवर बसून विडी ओढत होते. केस पांढरे झाले होते. बोलत होत्या त्या पार्बताबाई. मी आलेली त्यांना दिसली नाही. मी दाराशीच थांबले.

"टेकडी लय उंच नाही," त्या सांगत होत्या. "पन दोन्हीकडं समुद्र. आमी सकाळी वर चढत होतो ना, तं भिंत अशी गार लागे हाताले. आन पाऊस झाला का आमी खापऱ्या वेचत होतो. निळी निळी फुलं त्याच्यावर. खाली एक म्हातारी राहे. लय जीव लावे आमाले."

एका तरुण बाईनं डोळे मोठे केले. "म्हनजे तुमीबी गेल्त्या, बाई? जहाजात बसून? समुद्रापार?"

"नाही तं काय? यायले एकटं सोडनारी बाई आहे का मी?"

तिचा विश्वास बसेना. तिनं सुदामभाऊंकडे पाहिलं. "खरंच भाऊ? होत्या बाई तिथं?"

सुदामभाऊंनी विडीची राख झाडली. पार्बताबाई त्यांच्याकडे पाहत नव्हत्या. एक हात लांब करून त्या खालच्या जंगलाकडे पाहत होत्या, खाडीच्या पलीकडचा दुसरा किल्ला दाखवायचा होता, आणि तो हात तसाच हवेत थांबला होता.

"होती ना," सुदामभाऊ म्हणाले. "होतीच."